अर्जदार एकटे आढळले नाहीत

एकट्याने जेवण्याच्या बाबतीत जिते गावच्या आमच्या काकांइतका नालायक माणूस सबंध रायगड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. ते माझे सख्खे काका नव्हते. जित्याला आमच्या घराला लागून त्यांचं घर, एवढंच नातं. लग्न केलं नाही, भावंडं आधीच गेलेली, तरी भात मात्र कायम चार माणसांचा शिजायचा. ताट वाढलं की काका ओट्यावर येऊन बसायचे आणि रस्त्यावर जो पहिला दिसेल त्याला हाक मारायचे. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस दोन तासांनी वालाचं बिरडं खाऊन तृप्त होऊन गेला, मीटर बघायचं राहूनच गेलं. स्टेशनकडे निघालेल्या कित्येक अनोळखी लोकांच्या गाड्या काकांनी चुकवल्या. "गाडी काय, दुसरी येल. भात थंड व्हईल ना!" असं त्यांचं म्हणणं.

मी लग्न होऊन रोह्याला आले, पुढे आईबाबा गेले, घराला कुलूप लागलं. पण माहेर तुटलं नाही ते काकांमुळे. पौषात वालाच्या शेंगा भरल्या की त्यांचा निरोप यायचा, "बाय, पोपटी लावतोय, ये गो." मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, जाडं मीठ, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. तो वास साडीला लागून रोह्यापर्यंत यायचा. मी ती साडी दोन दिवस धुवत नसे.

गुडघे गेले तसं काकांचं शेतावर जाणं थांबलं आणि चूल अडायला लागली. मग मीच पेणच्या कचेरीतून निराधारांच्या योजनेचा अर्ज आणला. 'सांभाळणारे नातेवाईक' या रकान्यात माझ्या हाताने 'कोणी नाही' असं लिहिलं आणि वाचून न दाखवताच सही घेतली. चौकशीला तलाठी येणार असं कळलं. काकांना त्यातलं एवढंच कळलं की घरी पाहुणा येणार! त्यांनी भर दुपारी पोपटी लावली, शेजारची खुर्ची आणली आणि सरकारी माणसाला घर ओकंबोकं दिसायला नको म्हणून अख्खी आळी जेवायला बोलावली. तलाठी पोटभर शेंगा खाऊन गेले. भले गृहस्थ, पण खोटं कसं लिहिणार? शेरा आला, 'अर्जदार एकटे आढळले नाहीत.' अर्ज नामंजूर.

मी डोक्याला हात लावला, तर काका माझ्यावरच तडकले. "दारात आलेल्याला उपाशी पाठवू काय?"

पुन्हा अर्ज, पुन्हा हेलपाटे, यात वर्ष गेलं. वर्षभर आळीने डबे पुरवले, आणि ते काकांनी येणाऱ्याजाणाऱ्याला वाढले. दुसऱ्या चौकशीला मी जातीने हजर राहिले. आळीला दारं लावून बसायला सांगितलं आणि काकांना बजावलं, "कोण आहे तुमचं असं विचारलं की 'कोणी नाही' म्हणायचं. पुढे एक शब्द नाही." मग आमच्या बंद घरात शिरून खिडकीआड उभी राहिले. तलाठ्यांनी विचारलं. अगदी हळू काकांचा आवाज आला, "कोणी नाय, सायब." आणि थोडं थांबून, "च्या तरी घ्याल ना?"

मंजुरी आली. पुढच्याच रविवारी काका रोह्याला माझ्या दारात उभे. काठी टेकत गाडीने आलेले, हातात पार गार झालेलं पोपटीचं मडकं. आत येईनात.

"आळीत घरोघर जाऊन आलो," म्हणाले. "तुझंच घर ऱ्हायलं होतं. बाय, मी सायबाला बोललो, माझं कोणी नाय. तसं बोलाया लागलं गो. मनाला लावून घेऊ नको."

मी त्यांना हाताला धरून आत आणलं, भात वाढला, समोर जेवायला बसले. ती ओळ त्यांच्याआधी मीच लिहिली होती, हे सांगायला मात्र माझं तोंड उघडलं नाही. ते आता राहूनच गेलं.

काका गेल्यावरही पौषात मी पनवेलचं काहीतरी काम काढते. वाटेत गाडी जित्याला मिनिटभर थांबते, मी डब्याच्या दारापाशी जाऊन उभी राहते. कोणी "जेवून जा गो" म्हणून हाक मारली असती, तर मी खुशाल उतरून ती गाडी चुकवली असती.