अक्काच्या बदल्या

नव्या वॉर्डात पाय ठेवला की कुणाशी बोलायच्या आधी अक्का कपाटं उघडायची. सगळी. सुया कुठं, सलाइन कुठं, ऑक्सिजनच्या नळ्या कुठं, हे बघून एक दार लावायची आणि पुढचं उघडायची. बाकीच्या सिस्टर एकमेकींकडं बघायच्या. कुणी विचारलंच तर म्हणायची, "दुसऱ्याच्या घरात रांधायचं तर आधी मीठ कुठंय ते बघून घ्यावं, बाई." मग हात धुवायची आणि पहिल्या पेशंटकडं जायची.

हे मी पुष्कळदा पाहिलं, कारण अक्काचे वॉर्ड पुष्कळदा बदलले. मोठ्या दवाखान्यात गेलात तर अशी एखादी सिस्टर तुम्हीही पाहिली असेल. मागच्या वेळी ती एका मजल्यावर होती, आता दुसऱ्याच मजल्यावर आहे. तुम्हाला वाटतं, हुशार असणार, म्हणून सगळीकडं लागते. हुशार असतेच ती. पण बदलीचं कारण दर वेळी ते नसतं, आणि हे लिहायला बसले की माझं डोकं तापतं ते त्यामुळंच.

हैदराबादच्या त्या खासगी दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले तेव्हा अक्का नर्सरीत होती. दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत ठेवतात, तो विभाग. अक्काचं घर मूळचं नांदेडकडचं, बौद्ध. वडील नोकरीसाठी इकडं आले आणि अंबरपेठेत राहिले. मी हैदराबादेतल्याच गौलीगुड्याची. आमच्या पाळीत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. "जेवलीस का?" हा तिचा मला पहिला प्रश्न. मी हो म्हटलं तरी तिनं डबा पुढं सरकवला. ज्वारीची भाकरी होती आणि अंबाड्याची भाजी. "इथले लोक गोंगुरा म्हणतात तिला. नाव काय का असंना, आंबट तितकीच लागते," म्हणाली.

नर्सरीतली अक्का बघण्यासारखी होती. तळहातावर मावेल एवढं पोर, त्याच्या नाकातली नळी सरळ करताना ती त्याला रागवायची. "ऊठ की रे, किती झोपायलास? तुझी माय खाली बसलीय वाट बघत." तेलुगू आईबापांची पोरं नांदेडची मराठी ऐकत वाढत होती. एखाद्याचं वजन वाढलं की ती दिवसभर कुणावर खेकसायची नाही. आम्हाला वजनकाटा बघायची गरज नसायची, अक्काचं तोंड बघितलं की कळायचं.

मग नर्सरीतल्या दोघी सिस्टर नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, बाळं मात्र येत राहिली. महिन्याच्या बैठकीत मेट्रन मॅडमनी स्वच्छतेवर बोलायला सुरुवात केली आणि अक्का उभी राहिली. मी मागच्या रांगेत होते. अक्का म्हणाली, "एवढ्या बाळांना एक सिस्टर पुरत नाही, मॅडम. उद्या एखादं गेलं तर त्याच्या आईला सांगायला तुम्ही येणार का?"

मेट्रन मॅडम हसल्या. "तुम लोगों को गुस्सा बहुत जल्दी आता है."

"कौन लोगां, मॅडम?" अक्कानं विचारलं.

कोण लोक ते सगळ्यांना कळलं होतं. मॅडमनी कागद चाळले आणि पुढचा विषय घेतला. पुढच्या आठवड्यात अक्काची डायलिसिसला बदली झाली.

तिथंही तिनं कपाटं उघडली. मशीन शिकली. डायलिसिसचे पेशंट वर्षानुवर्षं येतात, त्यामुळं कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, बेगम बाजारातल्या कुणाच्या दुकानाची वाटणी झाली, हे सगळं तिला ठाऊक झालं. रक्त गाळायचा फिल्टर धुऊन त्याच पेशंटला पुन्हा वापरतात, पण त्याला मर्यादा असते. ती मर्यादा पाळली जात नाही हे अक्कानं डॉक्टरांच्या कानावर घातलं, मेट्रन मॅडमच्याही घातलं. दोघांनी "बघू" म्हटलं. मग एके दिवशी एका म्हाताऱ्या पेशंटनं सरळ तिलाच विचारलं, "सिस्टर, मेरा वाला ठीक है ना?" अक्का खोटं बोलली नाही. तेवढ्यावरून तिची इमर्जन्सीत बदली झाली. फिल्टर मात्र त्यानंतर वेळेवर बदलू लागले, हेही सांगायला हवं.

इमर्जन्सीत तोवर मीही आले होते. पहिल्या दिवशी तिला कपाटं उघडताना बघून मला हसू आलं. "हसतीस काय? इथलं मीठ फार वरच्या फळीवर ठेवलंय," ती म्हणाली आणि स्टूल ओढून औषधं खालच्या कप्प्यात आणली.

एका दुपारी एक माणूस धाप लागलेल्या वडलांना घेऊन आला. मी म्हाताऱ्याच्या छातीला ईसीजीच्या वायरी लावत होते. डॉक्टर शेजारच्या पडद्याआड दुसरा पेशंट बघत होते. मी मुलाला म्हटलं, जरा थांबा, येतीलच. त्यानं माझ्या कानाखाली मारली. माझा चष्मा पलंगाखाली गेला.

अक्कानं आधी म्हाताऱ्याच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क नीट बसवला. मग पलंगाला वळसा घालून त्या माणसासमोर उभी राहिली. ती त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. "बाहर," म्हणाली. आवाज चढवला नाही. तो काहीतरी बडबडत बाहेर गेला. मग अक्कानं पलंगाखालचा चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि माझ्या डोळ्यांवर लावला. "रडायचं असेल तर आत जाऊन रड. वायरी मी लावते."

म्हातारा वाचला. आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. तो माणूस मोठा होता, त्याची ओळख वरपर्यंत होती. मी 'उद्धट बोलले' अशी त्याची तक्रार होती. मी जाऊन माफी मागावी आणि विषय मिटवावा, असं साहेबांचं म्हणणं. अक्का न बोलावता माझ्यासोबत आली होती.

"मार तिनं खाल्ला, आणि माफी पण तिनंच मागायची?" हे ती मराठीतच बोलली. मग साहेबांना कळावं म्हणून म्हणाली, "मेरी सिस्टर नहीं जाती."

"बात मत बढ़ाओ, सिस्टर."

"बात उसने बढ़ाई, साब. हाथ उठा के."

मी गेले नाही. मला कुणी काही केलंही नाही. बदली झाली ती अक्काची, आणि या वेळी थेट तळघरात. ऑपरेशनची हत्यारं धुऊन, बांधून, वाफेच्या मशीनमध्ये घालतात त्या खोलीत. काम महत्त्वाचं आहे, नाही असं नाही. पण तिथं पेशंट नसतो. एवढा मोठा दवाखाना, एवढे आजारी जीव, आणि या बाईला एकाही माणसाला हात लावता येऊ नये अशी जागा शोधून काढली त्यांनी. मी भेटायला गेले तर ती कात्र्या बांधत बसली होती. "काय बघायलीस? बरंय की. इथं कुणी कण्हत नाही." पुढची कात्री उचलत म्हणाली, "त्यानंच डोकं फिरायलंय माझं."

पुढं मेट्रन मॅडम निवृत्त झाल्या. अक्का सगळ्यांत जुनी होती, तिनं त्या जागेसाठी अर्ज केला. मुलाखतीहून ती थेट बस स्टॉपवर आली. मी तिथं उभीच होते.

"काय म्हणाले, अक्का?"

"म्हणे, कुठल्याच विभागात तुमचा सलग अनुभव नाही. टिकत नाही म्हणे मी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मी विचारलं, साहेब, मी गेले का तुम्ही पाठवलं? तर म्हणतात, रेकॉर्डला बदली लिहिलीय, कारण लिहिलेलं नाही." ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती, उघडत होती. आमची बस आली नि गेली. दोघींपैकी कुणीच चढलं नाही.

महिन्याभरात तिनं राजीनामा दिला. निरोप-समारंभ मात्र दणक्यात झाला. समोसे, शाल, फुलांचा गुच्छ. मॅनेजर साहेब म्हणाले, अशी ऑलराउंडर सिस्टर पुन्हा मिळणार नाही. मग माईक अक्काला दिला.

"साहेबांनी मला ऑलराउंडर म्हटलं," ती म्हणाली. "मी ऑलराउंडर नाही. मला नर्सरी आवडायची. मी तिथंच म्हातारी झाले असते."

साहेबांनी हसून टाळ्या सुरू केल्या, म्हणजे ती थांबेल. टाळ्या संपेपर्यंत अक्का थांबली आणि पुढं बोलू लागली. नर्सरी का सुटली, डायलिसिस का सुटलं, इमर्जन्सी का सुटली, सगळं सांगितलं. बाजूला नव्या मुली हातात समोसे धरून उभ्या होत्या, कुणी घास घेतला नाही. शेवटी म्हणाली, "जे काम शिकले ते माझं मी शिकले. ते तुम्ही दिलेलं नाही, म्हणून तुम्हाला काढूनही घेता येणार नाही." शाल खुर्चीवर ठेवून ती उतरली.

आता ती शहराबाहेर, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांना सांभाळतात तिथं काम करते. फोनवर बोलतो आम्ही. "इथं बदली नाही, बाई. इथं पेशंटच जातात," म्हणते आणि कुणी हाक मारली की फोन ठेवते. बरी असावी. पण मला ती दिसते ती त्या समारंभाच्या दिवशीची, दवाखान्याच्या दारातली.

मी तिला सोडायला खाली आले होते. तेवढ्यात अ‍ॅम्ब्युलन्स आली आणि स्ट्रेचर उतरला. त्यावरच्या पोराच्या डोक्यातून रक्त येत होतं. अक्का साडीत होती, हातात गुच्छ होता. गुच्छ तिनं माझ्याकडं दिला आणि स्ट्रेचरच्या दांड्याला हात घातला. दारावरचा गार्ड नवा होता. त्यानं तिचा हात दांड्यावरून बाजूला केला. "अम्मा, पक्ककु जरगंडी." बाजूला व्हा.

ती बाजूला झाली. भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "गर्दन पकड़ो उसकी. सीधी."

वॉर्डबॉयनं मागं न बघता पोराच्या मानेखाली हात घातला. स्ट्रेचर आत गेला. अक्का बाहेर राहिली.