भाऊजींनी मोजलेली वटवाघळं

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, जगात दोनच प्रकारची माणसं माहीत होती. चुका करणारी, आणि चुका करून वर हसणारी. छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या मजकुरावर लाल रेघा ओढायच्या, त्याचाच पगार घ्यायचा. माणूस धंद्यासारखा होत गेला. छापखान्यात त्यांना मागून 'वेलांटी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना पहिली कुठली आणि दुसरी कुठली ते सांगता येणार नाही," एवढंच त्यांचं त्यावर मत.

निवृत्त झाल्यावर लाल पेन घरी आलं. ताईच्या सामानाच्या यादीत रेघा, जिन्यातल्या 'पाणी जपून वापरा'च्या पाटीवर रेघा, औषधाच्या पुड्यावरही रेघा. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांना तीन चुका सापडल्या होत्या आणि त्या त्यांनी मला ऐन लग्नाच्या दिवशी, हात हातात घेऊन, अभिनंदन करावं तशा सांगितल्या. तेव्हा मी जे सांगतोय ते अगदी निर्मळ मनानं सांगतोय असं काही नाही.

एके दिवशी ताईनं मला बाजूला घेतलं. "यांना शनिवारी दोन तास बाहेर ने," ती म्हणाली. "कुठेही ने. मला दोन तास एकही चूक न करता बसायचंय."

वाचनालयाच्या दारात एक पत्रक मिळालं. उद्यानाच्या मागच्या फाटकापाशी संध्याकाळी 'वटवाघुळ सफर', प्रवेश सर्वांना. भाऊजी असल्या ठिकाणी येतील असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"घु ऱ्हस्व काढलाय," ते म्हणाले. "ज्यांना प्राण्याचं नाव लिहिता येत नाही ते आपल्याला प्राणी दाखवणार. चल, बघूच."

फाटकापाशी वीसेक माणसं जमली होती. निम्म्यांच्या गळ्यात कॅमेरे. एका बाईंनी डोक्याला घट्ट रुमाल बांधला होता, कारण वटवाघूळ केसात अडकतं असं त्यांच्या सासूनं त्यांना सांगितलं होतं. सफर नेणारा गृहस्थ दातांचा डॉक्टर होता. आठवडाभर लोकांचे दात आणि शनिवारी वटवाघळं. गोड बोलणारा, उत्साही, हातात एक छोटं यंत्र. वटवाघळांचा आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही, तो त्या यंत्रातून टक टक असा ऐकू येतो, हे त्यानं समजावून सांगितलं. वटवाघूळ आंधळं नसतं, केसात अडकत नाही, हेही सांगितलं. रुमालवाल्या बाईंनी मान डोलावली आणि रुमाल तसाच ठेवला.

"आणि एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं," डॉक्टर म्हणाला.

भाऊजींचा हात वर गेला. "म्हणजे साडेतीन सेकंदाला एक. मोजले कोणी?"

"संशोधन झालेलं आहे."

"कोणी केलं?"

"तसं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आहे."

"बऱ्याच ठिकाणी वटवाघुळातला घु ऱ्हस्व लिहिलेला आहे," भाऊजी म्हणाले.

कोणी हसलं नाही, कारण कोणाला कळलं नाही. डॉक्टर तेवढा कानापर्यंत लाल झाला. तेवढ्यात झाडांवरून पहिली दोन वटवाघळं गेली, मग एकदम पाच-सहा, आणि यंत्र तडतडायला लागलं. खरं सांगायचं तर पाहण्यासारखं होतं. भाऊजी मात्र दिव्याच्या खांबाखाली जाऊन पत्रकातल्या उरलेल्या चुका शोधत होते.

हजार डासांचा काटा मात्र त्यांच्या घशात अडकला. महाविद्यालयात वटवाघळांवर सहा शनिवारांचा वर्ग सुरू होणार होता, त्यात त्यांनी नाव घातलं. वटवाघळांसाठी नव्हे, डॉक्टरला खोटं पाडण्यासाठी. मला सोबत ओढलं, कारण साक्षीदार हवा होता.

वर्गातली मंडळी पाहून मलाही भाऊजींचं पटायला लागलं, एवढं सांगतो. एक जोडपं फक्त प्रमाणपत्रासाठी आलं होतं आणि पहिल्याच दिवशी ते कधी मिळेल हे विचारत होतं. एक गृहस्थ दर प्रश्नाआधी स्वतःचा परदेशप्रवास सांगत. शिकवणाऱ्या प्राणिशास्त्राच्या बाई मात्र वेगळ्या होत्या. साठीच्या, बारीक आवाजाच्या, खडूनं मळलेल्या बाह्या. भाऊजींनी पहिल्याच तासाला हजार डास काढले.

"तो आकडा एका बंद खोलीतला," बाई म्हणाल्या. "खोलीत डास सोडले, वटवाघळं सोडली, थोडी मिनिटं पाहिलं, आणि पुढं लोकांनी गुणाकार केला."

"म्हणजे खोटा."

"त्या खोलीपुरता खरा."

"मग बाहेर, मोकळ्यावर, किती खातात?"

बाईंनी खडू खाली ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "माहीत नाही."

त्या संध्याकाळी भाऊजी जेवायला बसले. मग ताईला म्हणाले, "आज एक बाई 'माहीत नाही' म्हणाल्या."

"मी रोज म्हणते," ताई म्हणाली.

"तू वैतागून म्हणतेस. त्या विचार करून म्हणाल्या."

तिथून पुढं त्यांनी एकही शनिवार चुकवला नाही. चौथ्या शनिवारी बाईंनी सगळ्यांना मोजणीला नेलं. गावाबाहेर पाणीपुरवठ्याचं एक जुनं, बंद पडलेलं पंपघर होतं. विटांची भिंत, वर कौलं. छपराच्या खाली हातभर अंतरावर भिंतीला एक चीर गेली होती. दिवस मावळला की त्या चिरेतून वटवाघळं बाहेर पडत. एकेक वटवाघूळ आधी दगडासारखं खाली पडायचं आणि पडता पडता पंख उघडायचं. काही बाहेर येऊन लगेच परत आत शिरायची, ती वजा करायची. हातात बोटानं दाबायचा आकडेमोजक. बोलायचं नाही.

एकतीस वर्षं ओळीओळीवरून नजर फिरवलेल्या माणसाला हे काम सोपं गेलं. प्रमाणपत्रवाल्या जोडप्याचं उत्तर आलं 'साधारण तीनशे'. परदेशवाल्यांचं 'सहाशे तरी असतील'. भाऊजींनी तिघांकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी माझ्या लग्नाच्या दिवशी पाहिली होती. ते आपलं घडीचं स्टूल घेऊन आणखी दोन दिवस एकटेच गेले. चारशे नऊ, चारशे पंधरा, चारशे बारा. बाईंनी वहीत चारशे बारा लिहिलं आणि खाली रेघ मारली. भाऊजींना एवढा मान छापखान्यानं निरोपसमारंभातही दिला नव्हता.

पुढच्या महिन्यात डॉक्टरनं उद्यानात 'वटवाघूळ बचाव दिवस' भरवला. पाणीपुरवठा कार्यालयाला ते पंपघर गोदामासाठी हवं होतं आणि भिंतीच्या चिरा बुजवायच्या होत्या, त्याला विरोध म्हणून. मुलांसाठी कागदी मुखवटे होते. डॉक्टरच्या दवाखान्यातल्या परिचारिकेनं स्वतः रचलेलं गाणं म्हटलं, ते ऐकून वटवाघळं गाव सोडून गेली असती तर मी त्यांना दोष दिला नसता. मंचावर कार्यालयाचे अभियंता साहेब बसले होते. त्यांच्या मागं मोठा फलक, 'दहा हजार वटवाघळांचं घर वाचवा'.

भाऊजी तिसऱ्या रांगेतून उठले. "चारशे बारा," ते म्हणाले.

डॉक्टर लगबगीनं खाली आला. "बसा हो. मी सांगतो तुम्हाला, नंतर."

"नंतर कशाला? आकडा आत्ता चुकलाय. मी तीन संध्याकाळी मोजलीत. चारशे बारा."

साहेबांनी खिशातून डायरी काढली आणि आकडा टिपून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडा आनंद दिसला. घरी येताना भाऊजीही खूश होते. "दहा हजार म्हणे," असं ते वाटेत चारदा म्हणाले.

आठ दिवसांत कार्यालयाचं पत्र निघालं. सदर ठिकाणी प्राण्यांची संख्या किरकोळ असल्याचं जाहीर सभेत खुद्द निरीक्षकांनीच सांगितलेलं आहे, सबब येत्या सोमवारी चिरा बुजवण्यात येतील.

पत्राची प्रत घेऊन डॉक्टर ताईच्या घरी आला. मी तिथंच होतो. तो बसला नाही.

"दहा हजार नाहीत हे मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "मोजता मलाही येतं. पण त्या साहेबाला चारशे हा आकडा ऐकूच येत नाही."

"म्हणजे खोटं बोललात."

"हो, बोललो. आणि तुम्ही खरं बोलून त्यांचं काम करून दिलंत." तो चहा न घेता गेला.

भाऊजींनी पत्र वाचलं. पेनाचं टोपण काढलं, पत्रातल्या दोन चुकांभोवती गोल काढले. तिसऱ्या ओळीशी हात थांबला. 'खुद्द निरीक्षकांनीच.' त्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला पंपघरापाशी बोलावलं. राखणदाराकडून किल्ली घेतली होती. "एकच मिनिट," त्या म्हणाल्या, "आणि आवाज नको." संध्याकाळी वटवाघळं खायला बाहेर पडल्यावर आम्ही आत गेलो. कुबट, उग्र वास. बाईंनी लाल कागद लावलेली विजेरी वर धरली. जिथं भिंतीचा गिलावा सुटला होता तिथं, विटांना चिकटून, अंगठ्याच्या पेराएवढी उघडी गुलाबी पिल्लं लटकत होती. एकमेकांत इतकी दाटून, की एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते समजेना. बारीक चिरचिर चालू होती. मिनिट झालं, बाहेर आलो.

"तुम्ही मोजल्यात त्या जवळपास सगळ्या आया," बाई म्हणाल्या. "या दिवसांत नर दुसरीकडे राहतात. पिल्लांना उडता येत नाही, म्हणून ती बाहेर येत नाहीत, म्हणून तुमच्या आकड्यात नाहीत. सोमवारी चीर बुजवली तर आया बाहेर राहतील आणि ही आत."

"किती आहेत?"

"माहीत नाही. आत बसून मोजत राहिलो तर आया बिथरतील."

या वेळी त्या उत्तरानं भाऊजी सुखावले नाहीत. निम्म्या रस्त्यात ते थांबले. मग म्हणाले, "मुद्रितात गाळलेली ओळ नुसत्या मुद्रितावरून कळत नाही. मूळ प्रत शेजारी लागते. शिकाऊ पोरांना मी पहिल्या दिवशी हे सांगायचो." थोडं चालल्यावर म्हणाले, "मी मूळ प्रत मागितलीच नाही."

त्या शनिवारी त्यांनी स्वतः लिहून एक शुद्धिपत्र काढलं. 'बचाव दिनाच्या सभेत माझ्या तोंडी ‘चारशे बारा वटवाघळे’ असे जे आले, त्या जागी ‘चारशे बारा माता व त्यांची न उडणारी पिल्ले’ असे वाचावे. चूक माझी.' खाली सही. सभेला आलेल्या जेवढ्यांचे पत्ते मिळाले तेवढ्यांना त्यांनी ते पोचवलं. डॉक्टरच्या दवाखान्यात ते स्वतः घेऊन गेले आणि रुग्णांच्या रांगेत पाऊण तास बसून राहिले. दोघांत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. पण सोमवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आत डॉक्टर, बाई, भाऊजी आणि मी असे चौघं पायरीवर उभे होतो.

साहेबांनी शुद्धिपत्र वाचलं. "तुम्हीच तर म्हणालात चारशे बारा."

"म्हणालो. अर्धवट म्हणालो."

"आता आणखी काही वाढणार आहे का? पुढच्या सोमवारी आजोबा-आजी निघतील."

साहेबांच्या टेबलावर काचेखाली एक सूचना होती. तिच्यात 'कार्यालयीन'चा यी ऱ्हस्व होता. मी पाहिला म्हणजे भाऊजींनी नक्की पाहिला होता. त्यांचा हात खिशाकडे गेला. डॉक्टरनं टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. भाऊजींनी हात मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "नाही साहेब. एवढंच. पिल्लं उडेपर्यंत थांबा, एवढंच मागतोय."

बाईंनी पिल्लं कधी उडतील त्याचं लेखी टिपण दिलं. साहेबांना वटवाघळांविषयी काही वाटलं असं मी म्हणणार नाही. वर्तमानपत्रात मेलेल्या पिल्लांचं छायाचित्र आलं तर ते कोणाच्या नावावर जाईल, याचा त्यांनी हिशेब केला असावा. काम दहा आठवडे पुढं गेलं. नंतर चिरा बुजल्या, पण दोन ठेवल्या, एक पुढच्या अंगाला आणि एक मागच्या. गोदाम झालंच. आता तिथं नळांची भेंडोळी पडलेली असतात.

पुढच्या वर्षी दोनशे त्रेसष्ट आल्या. बाकीच्या कुठं गेल्या, बाईंना विचारलं तर उत्तर काय येणार हे भाऊजींना माहीत होतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही. सफरीच्या फलकावर डॉक्टरला 'शेकडो' लिहायचं होतं. त्यावरून फाटकापाशी, सगळ्यांसमोर, दोघांचं वाजलं. फलकावर दोनशे त्रेसष्ट आलं.

भाऊजी सुधारले असं ताईला वाटत नाही. सफरीला येणाऱ्यांना ते आजही दिव्याच्या प्रकाशातल्या पाखरांएवढीच किंमत देतात, आणि कोणी यंत्राच्या आवाजावर 'किती गोड' म्हणालं तर पाठ फिरवतात. पण मोजणीच्या तीन संध्याकाळी ते पंपघराच्या पुढच्या अंगाला स्टूल टाकून बसतात आणि डॉक्टर मागच्या अंगाला. मध्ये अख्खी इमारत असते. अंधार पडला की दोघं पंपघराच्या दाराशी भेटतात, डॉक्टर आपला आकडा सांगतो, भाऊजी वही उघडून दोन्ही लिहितात. स्वतःचा शाईनं, डॉक्टरचा पेन्सिलीनं.