नळी कुणाच्या ताटात

आमच्या घरात रविवारचं मटण मी करायची, पण वाढायचे हे. बाकीचे सहा दिवस ह्यांना स्वतःचा चहाचा कप सापडत नसे. रविवारी मात्र पळी हातातून सुटायची नाही. कारण काय, तर पातेल्यात एक नळी असायची. किलोभर मटणात खाटीक एकच चांगली, आतून गच्च भरलेली नळी द्यायचा, आणि ती कुणाच्या ताटात पडणार हे ठरवण्याचा मान घरातल्या कर्त्या पुरुषाचा, असं ह्यांच्या कोल्हापूरकडच्या घरी चालत आलेलं. ह्यांच्या वडिलांनी ती ह्यांना दिली होती, मोठ्या भावाला डावलून. चाळिशी उलटली तरी हे ते सांगायचे, आणि सांगताना चेहरा असा, की राष्ट्रपती भवनात बोलावून पदक दिलंय.

हे सगळं आता लिहायला हरकत नाही. वरच्या मजल्यावरच्या अम्माजींना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्या असत्या तर माझी हिंमत नव्हती.

आम्ही तेव्हा दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून गाझियाबादला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. ह्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून सोसायटी काढली होती. अर्ध्या इमारती उभ्या, अर्ध्या ठिकाणी अजून वाटाण्याचं शेत. रोज कुणाकडे तरी नवा रंगीत टीव्ही यायचा आणि केबलवाला पोरगा गच्चीवरून गच्चीवर वायर टाकत माकडासारखा फिरायचा. सगळं नवं होतं, खाटीक मात्र ह्यांना जुनाच लागे. त्यासाठी दर रविवारी सकाळी स्कूटर काढून हे पार सरोजिनी नगरपर्यंत जायचे. मी म्हणायची, "अहो, इथे काय बोकड नाहीत?" तर म्हणायचे, "बोकड आहेत, हात नाही."

आमच्या वर एक कुटुंब राहायला आलं. मथुरेकडचे, कांदा-लसूणही न खाणारे. आई, वडील, वडिलांची आई म्हणजे अम्माजी, आणि एक मुलगा. तो आमच्या मुलाच्याच वर्गात, दोघंही अकरा वर्षांचे. दोन दिवसांत त्यांची अशी गट्टी झाली की एक शिंकला की दुसरा नाक पुसायचा. अम्माजींचं नाक मात्र स्वतंत्र होतं. गॅलरीतून वाकून विचारायच्या, "बहू, आज क्या चढ़ाया है?" मी सांगायची, "राजमा, अम्माजी." त्या म्हणायच्या, "अच्छा, राजमा," आणि धाडकन गॅलरीचं दार लावून घ्यायच्या.

आमचा मुलगा जेवायला बसला की पोस्टमॉर्टेम करायचा. चरबी इकडे, शीर तिकडे, हा तुकडा कडक, तो मऊ. ह्यांना ते बघवत नसे. माणूस ताटावर कळतो, हे ह्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. "लढाईला निघालेला माणूस असा जेवला असता का?" असं विचारायचे. मुलगा म्हणायचा, "मी शाळेत निघालोय, बाबा." तरी नळी त्यालाच मिळायची. दुसरं होतं कोण? मुलगी नव्हती, आणि बायको काही मोजण्यात नव्हती.

एका रविवारी वरचा मुलगा क्रिकेटला बोलवायला आला, आणि आम्ही जेवायला बसत होतो. मी त्याला वेगळ्या ताटात वरण-भात वाढला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी फोन वाजला, हे उठले, मी पोळी उलटायला वळले, आणि परत वळून बघते तर त्यानं आमच्या मुलाच्या ताटात बाजूला काढलेला तुकडा उचलून तोंडात टाकलेला. डोळे मिटलेले. मी गारच पडले. त्यानं डोळे उघडले आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "आंटीजी, और है?"

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही त्याला अडवायला हवं होतं. हवंच होतं. मी ह्यांना म्हटलंही, "अहो, दुसऱ्याचं लेकरू आहे, त्यांच्यात चालत नाही. हे पाप आहे."

"मी कुठे खाऊ घातलं? त्यानं खाल्लं."

"आणि आता वाढताय ते?"

"आता पाहुणा आहे."

खरं सांगते, त्याचं जेवण बघून माझाही जीव सुखावला. स्वयंपाक करणाऱ्या बाईला अजून काय हवं? रस्सा भाताला असा लावायचा की शितं एकसारखी लाल. हाडं ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवायचा, परेडला उभी केल्यासारखी. हे त्याच्याकडे बघतच राहिले. मग पळी पातेल्यात गेली, नळी वर आली, आमच्या मुलाच्या ताटावरून पुढे सरकली आणि वरच्या मुलाच्या ताटात पडली.

"आपट," हे म्हणाले. "ऐसे. जोर से."

त्यानं ताटावर आपटली, आतला गर बाहेर आला. हे हसले. आमचा मुलगा उठून हात धुवायला गेला आणि एवढा वेळ धूत राहिला की टाकीतलं पाणी संपेल अशी भीती वाटली.

पुढे ते दर रविवारचंच झालं. हे वरच्या मुलाला खाटकाकडेसुद्धा न्यायला लागले. घरी सांगायचं, अंकलजींबरोबर बाजारात जातो, आणि ते खोटं नव्हतं. स्कूटरवर पुढे उभा राहून तो निघायचा. आमच्याला विचारलं तर म्हणायचा, "मला होमवर्क आहे," आणि गॅलरीत उभा राहून स्कूटर वळेपर्यंत बघायचा. मी पापात मुरलेली बाई, परत जाताना त्या पोराचे हात बेसन आणि लिंबानं घासून द्यायची, तोंडात दोन वेलदोडे कोंबायची. "अम्माजी के सामने मुँह मत खोलना." तो मान हलवायचा. एवढा आज्ञाधारक मुलगा मी दुसरा पाहिला नाही.

आमच्यानं मग सूड घ्यायला सुरुवात केली. आधी मला कळलंच नाही. मला वाटलं, वरचा मुलगा किती समजूतदार, रोज फिल्डिंगच करतो. मग दिसलं की त्याची नवी सायकल आमच्याकडेच असते आणि तो मागे पळतो. आमच्या मुलाच्या गणिताच्या वहीत त्याचं अक्षर. एकदा खिडकीतून ऐकलं.

"आज तू बॉलिंग कर."

"कल भी मैंने की थी यार."

"अम्माजीला विचारू या का, तू रविवारी काय खातोस?"

मग बॉलिंग त्यानंच केली. तो बिचारा मराठी समजायला लागला होता, आणि हे असलं मराठी.

जिन्यात अम्माजी भेटल्या की आमचा पठ्ठ्या मुद्दाम थांबायचा. "अम्माजी, आपका पोता संडे को बहुत तगड़ा हो जाता है." अम्माजी कौतुकानं म्हणायच्या, "दूध पीता है बेटा." मागे तो पोरगा भिंतीला चिकटून उभा. मी एकदा आमच्या मुलाला आत ओढून दटावलं, तर म्हणाला, "मी काय खोटं बोललो?" मी ह्यांना म्हटलं, मुलगा झुरतोय, बघा जरा. हे म्हणाले, "झुरतोय तर झुरू दे. चुरशीनं तरी खाईल." तेव्हा मला समजलं की हे सगळं नळीपुरतं राहिलेलं नाही. आमच्या मुलाला बापाच्या डोळ्यांतलं ते हसू हवं होतं. ते वरच्या मजल्यावर राहायला गेलं होतं, आणि एक शब्द बोलला की ते त्याला परत मिळणार होतं. अम्माजींच्या कानात एकच शब्द.

तशी वेळ आलीच. एका रविवारी जेवण अर्ध्यावर असताना वरच्या मुलाला त्याच्या आईनं जिन्यातून हाक मारली. नळी अजून चोखून व्हायची होती. ती टाकवेना म्हणून त्यानं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळली, चड्डीच्या खिशात घातली आणि पळाला. बेसन नाही, लिंबू नाही. संध्याकाळी चहाच्या वेळी आमच्या दारावर थाप पडली. दारात अम्माजी. हातात चिमटा, चिमट्यात नळी. कपडे भिजवण्याआधी त्या प्रत्येक खिसा झाडत असत, हे आम्हाला कोण सांगणार? मागे तो पोरगा, चेहरा दह्यासारखा पांढरा.

हे खुर्चीतून उठले. मला वाटलं, पुढे होऊन काही सांगतील. हे बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली.

"बहू," अम्माजी म्हणाल्या, "ये मेरे बच्चे की जेब में कैसे आया?"

त्यांनी माझ्यावरून नजर काढून माझ्या मुलावर लावली. "तू बता बेटा. तू तो झूठ नहीं बोलता."

मुलानं त्या नळीकडे पाहिलं. मग मित्राकडे. मग बाथरूमच्या बंद दाराकडे, आणि तिथे जरा जास्तच वेळ.

"मैंने डाली थी," तो म्हणाला. "इसको चिढ़ाने के लिए. बैटिंग पे झगड़ा हुआ था. इसको पता भी नहीं था."

अम्माजींनी जे काय सुरू केलं ते सगळं मी लिहीत नाही. लेकराला गंगाजलानं अंघोळ घालावी लागेल, हे मवाल्यांचं घर आहे, आणि बाप कुठे आहे, बापाला बोलवा. बापाला बाहेर यावंच लागलं.

"सज़ा दो इसको," अम्माजी म्हणाल्या. "मेरे सामने."

ह्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं कान पकडले. एकवीस उठाबशा ठरल्या. "एक," हे म्हणाले. "दो." मुलगा खाली-वर होत होता, पण नजर बापाच्या तोंडावरून हलत नव्हती. सातपर्यंत ह्यांचा आवाज आला. मग अम्माजींनीच मोजायला घेतलं, आणि त्यांनी बारा दोनदा मोजले हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण माझीच लायकी एकवीस उठाबशांची होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी त्याला ओट्याजवळ धरलं. "का रे असं केलंस?"

"त्याला मारलं असतं ना."

"अरे, मग महिनाभर तू त्याला छळत का होतास?"

तो माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागला, की जणू आईला साधी गोष्ट कळत नाही. "मी छळणं वेगळं. अम्माजी कोण?"

वरच्या मुलाला आमच्याकडे यायला बंदी झाली, पण मैदानाला कोण बंदी घालणार? दोघं तिथे भेटत होते. मात्र पुढच्या रविवारी आम्ही तिघंच जेवायला बसलो. ह्यांनी नळी पळीवर घेतली आणि हळूच मुलाच्या ताटात ठेवली, देवापुढे नैवेद्य ठेवावा तशी.

"नको," मुलगा म्हणाला.

"घे रे. तुझीच आहे."

"मला नाही आवडत. गिळगिळीत लागते. कधीच आवडत नव्हती."

ह्यांची पळी हातात तशीच राहिली. "मग एवढे दिवस तोंड पाडून कशाला बसायचास?"

मुलानं भात कालवला. बराच कालवला. "तुम्ही त्याला द्यायचात आणि माझ्याकडे बघायचात. मी बघतोय का ते."

"मी? कधी?"

"दर वेळी."

हे माझ्याकडे वळले, बहुतेक मी नाही म्हणेन म्हणून. मी दर वेळी पाहिलं होतं. ह्यांनी पळी पातेल्यात ठेवली आणि पाणी प्यायलं.

नळी मुलाच्या ताटात निवत चालली. हे उचलेनात, तो हात लावेना. मग मी हात पुढे केला आणि ती माझ्या ताटात घेतली. लग्न झाल्यापासून चौदा वर्षं मी मटण शिजवत होते, आणि नळी माझ्या ताटात कधी पडली नव्हती. मी ती आपटली. चांगली दणदणीत आपटली. दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

"कशी आहे?" ह्यांनी विचारलं.

"मीठ कमी पडलंय," मी म्हटलं.

आधी मुलगा फिसकला, मग हे. हसू ओसरल्यावर ह्यांनी मुलाला विचारलं, "मग तुला आवडतं तरी काय?" अकरा वर्षांत त्याला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला होता.

"बटाटा," तो म्हणाला. "रश्शातला."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मटणात बटाटा म्हणजे ह्यांच्या मते बायकांनी केलेली भेसळ. तरी पुढच्या रविवारी पिशवीत मटणाबरोबर बटाटे आले.

दिवाळीनंतर अम्माजींचा राग उतरला आणि वरचा मुलगा पुन्हा यायला लागला. जाताना मी त्याचे दोन्ही खिसे उलटे करून बघायची, मगच दार उघडायची. नळी आता एक रविवार त्याची, एक माझी. तो आला त्या पहिल्या रविवारी ह्यांनी सगळ्यांत आधी पळी पातेल्याच्या तळाशी घातली आणि एक बटाटा वर काढला.

"यार, तू आलू के लिए रो रहा था?" वरच्या मुलानं विचारलं.

"तू गप्प बस," आमचा म्हणाला. मग पातेल्यात डोकावून बापाला म्हणाला, "हा नको. तो मोठा, तिकडचा."

ह्यांनी हातातला बटाटा रश्शात परत सोडला आणि तिकडचा शोधायला लागले.