पेडल स्टील गिटारच्या स्प्रिंगा

आमचे हे पेपर मिलमध्ये फिटर. म्हणजे जगातली कुठलीही मशीन आपण उघडू शकतो, असा त्यांचा ठाम समज. घरचा मिक्सर त्यांनीच उघडला होता. तो आता वाटतो कमी अन् ओरडतो जास्त.

धाकटे दीर परदेशातून पेडल स्टील गिटार घेऊन आले. शौक संपला होता, म्हणून "वहिनी, ही तुम्हाला." माझी जुनी, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार वाळवीनं खाल्ली होती. लोधीपुऱ्यातल्या गुरुवारच्या भजनात मी तेव्हापासून नुसत्या टाळ्या पिटत होते. त्यामुळे मी हरखलेच. पण ही गिटार कसली, टेबल! वर तारा, खाली चार पाय, पेडल, गुडघ्यानं ढकलायच्या दांड्या. खुर्चीवर बसून वाजवायची म्हणे. देवासमोर खुर्चीवर बसून पाय हाणू? मी म्हटलं, "पाय, पेडल, दांड्या काढा. मी मांडी घालून वाजवीन."

तेवढं त्यांनी बरोबर काढलं. सतरंजीवर ठेवून वाजवली, तर काय गोड वाजली, अहाहा! मी चहा ठेवायला आत गेले अन् ह्यांना चेव चढला. गिटार पालथी घातली. "पेडलच नाही तर या स्प्रिंगा कायले? फालतू वजन!" बारक्या स्प्रिंगा उपटल्या, अन् दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्याला दांड्यांसोबत देऊनही टाकल्या. केवढी ही तत्परता! नळाचा वायसर बदला म्हटलं तर महिना लागतो.

मी परत येऊन तार छेडली, तर ढिली. सुरात लावावी, की पुन्हा खाली बसायची. दिरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो वहिनी, पेडल गेले तरी चालतं. त्या स्प्रिंगा तार सुरात धरून ठेवतात!"

"इतवाऱ्याच्या बाजारात मिळतील की," हे म्हणाले.

मिळतील ना! सायकलच्या सीटच्या मिळतील. डोकं नाही अन् हातात पाना.

भजनाला तासभर उरला होता. मला रडू आवरेना. हे वैतागले, "रडतेस काय? टाळ-ढोलकीत तुझी गिटार तशीही कोणाला ऐकू येते?"

मग लग्नापासून दर गुरुवारी, मी वाजवत असताना, पहिल्या रांगेत डोळे मिटून हा माणूस मान कशाला डोलावत होता?