पाच वाजताची सही

रक्ताच्या आजारांवर काम करणाऱ्या आमच्या संशोधन केंद्रात मी प्रशासकीय अधिकारी. म्हणजे संशोधन शास्त्रज्ञांचं; कुलपं, रजिस्टरं आणि परिपत्रकं माझी. विनाकारण दिवे चालू ठेवू नका, हे परिपत्रक माझंच.

त्या शनिवारी भामरागडचा रस्ता खुला झाला आणि पुरामुळे अडकलेले नमुन्यांचे डबे एकदम आले. संध्याकाळी निघताना मी हजेरी रजिस्टर पाहिलं. सगळ्यांच्या जाण्याच्या सह्या होत्या. नमुने ठेवायच्या थंड खोलीचा दिवा बाहेरूनच बंद केला, दाराला कुलूप घातलं आणि चंद्रपूरच्या स्टँडवर आले.

आमची अटेंडंट बाई आणि मी, दोघी भद्रावतीच्या. ती आधी पोचून सीटवर पिशवी टाकायची, माझी जागा धरायची. त्या दिवशी बसमध्ये चढले तर कुठल्याच सीटवर पिशवी नाही. आधी मला रागच आला. फोन लावला, नुसता वाजत राहिला. थंड खोलीत फोन न्यायचा नाही, हाही माझाच नियम. मग आठवलं, आलेले डबे थंड खोलीत लावायचं काम तिचंच. सकाळी येण्याची सही करतानाच ती जाण्याचीही सही करून टाकायची, 'पाच वाजता' लिहून. सगळेच करायचे. मला ठाऊक होतं आणि मी कानाडोळा करत आले होते.

धावत उतरले, ऑटो केला. बाहेरून कुलूप असलं तरी आतून दार उघडता येईल अशी त्या दाराची मूठ तुटली होती. दुरुस्तीचा अर्ज तिनंच आणून दिला होता आणि विभागप्रमुखांची सही नाही म्हणून मी तो परत पाठवला होता. आता थेट सोमवारीच दार उघडलं असतं. देवा, असं काही होऊ देऊ नको, एवढंच मी म्हणत होते.

फाटकावर चौकीदार म्हणाला, "सगळे गेले ना मॅडम. रजिस्टरात हाय."

तशीच थंड खोलीकडे गेले, कुलूप काढलं. दार उघडलं, दिवा लावला. डब्यांचे पुठ्ठे अंगावर ओढून ती कोपऱ्यात बसली होती. ओठ काळेनिळे. मी तिला कवटाळलं आणि मोठ्यानं रडले.

"लई ठोकलं मॅडम," ती कशीबशी म्हणाली. "मशीनच्या आवाजात कोणाले आयकू नाई गेलं."

चौकीदारानं चहा आणला. माझी शाल पांघरून ती माझ्या खुर्चीत बसली. तिची नजर टेबलावरच्या रजिस्टरवर गेली.

"मॅडम, ते पाचची सही खोडून टाकू का? चुकलं माझं. तुमी रागवू नका जी."

तासभर काळोखात गारठलेल्या त्या बाईला अजूनही भीती वाटत होती ती माझी.