पेटी, दोन डब्या आणि अर्थिंगचं पाणी

नांदेडच्या आमच्या घरात टेबलावर दोन काळ्या डब्या आहेत. एक डॅक, दुसरा हेडफोनचा अ‍ॅम्प. डॅक लॅपटॉपमधल्या आकड्यांचं गाणं करतो आणि अ‍ॅम्प त्या गाण्याच्या अंगात बळ भरतो. दोन्ही एकाच डबीत मिळतं हे मलाही ठाऊक आहे, पण जोडी जमवायची मजा आयत्यात नाही. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे वायफाय हाय का?" माझं डोकंच फिरतं. बायको शाळेत शिकवते, तिच्यात सबुरी फार. ती सांगते, "त्यांची लाडकी लेकरं हायेत ती. हात लावू नका."

हे सगळं मी माझ्यासाठीच घेतलं होतं, खोटं कशाला बोलू! पण यंदा उन्हाळ्यात दादा, म्हणजे माझे वडील, लातूरहून आमच्याकडं राहायला आले. दादा निवृत्त शिक्षक. तरुणपणी भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. हदगाव, मुदखेड, नायगाव, कुठं म्हणून गेले नाहीत! आता कानांनी दगा दिला. कानाचं मशीन घातलं की सगळी दुनिया पत्र्याच्या डब्यातून बोलते, म्हणून ते पिशवीच्या तळाशी पडलेलं. येताना पेटी बरोबर आणली होती.

"देऊन टाकतो," आल्या आल्याच म्हणाले. "नायगावच्या विहारातली मंडळी रविवारी न्यायला येतील. मला सूरच कळंना, ठेवून काय करू?"

पेटीशिवाय दादा मी कधी बघितलेच नव्हते. रविवारच्या आत त्यांना त्यांचीच पेटी ऐकवायची, असं मी मनाशी ठरवलं. त्यांच्या पार्टीची एक जुनी कॅसेट मी मागं लॅपटॉपवर उतरवून ठेवली होती.

आधी त्यातलं एक गाणं फोनवर घेऊन त्यालाच हेडफोन लावला. दादांनी मान हलवली. "चिलटं गुणगुणून राहिली नुसती."

बरोबरच होतं. ते मोठे हेडफोन हलवायची ताकद फोनमध्ये कुठली? मग माझी लेकरं पुढं घेतली. लॅपटॉपमधून डॅक, डॅकमधून अ‍ॅम्प, आणि आवाज कमीजास्त करायचा तो फक्त अ‍ॅम्पच्या बटणावर. दादा डोळे मिटून ऐकत बसले. मग कपाळाला आठ्या पडल्या.

"ह्यो तंबोरा कुणी धरलाय?"

पार्टीत तंबोरा कधीच नव्हता. पेटी, ढोलकी, झांजा, बस्स. मला वाटलं, झालं, आता दादांना नसलेलंही ऐकू यायला लागलं. फार वाईट वाटलं.

"लई बेसूर हाय रे. पेटीला जुळतच न्हाई. बंद कर त्याला."

मी हेडफोन घेऊन स्वतःच्या कानाला लावला. गाण्याच्या खाली एक जाड घुंऽऽ चालला होता. वायरी बदलल्या, सगळं काढून पुन्हा लावलं, मनातल्या मनात शिव्या घातल्या. घुंऽऽ काही हटेना. बायको चहा घेऊन आली. लॅपटॉपला तिचा हात लागला आणि ती ओरडलीच, "अगं बाई! मुंग्या आल्या की हाताला. सकाळी फ्रिजलाबी असंच झालं. अहो, अर्थिंगला पाणी हाय का?"

अर्थिंगचा खड्डा आमच्या मागच्या भिंतीशी. उन्हाळ्यात तिथली माती सुकली की अर्थिंग धरत नाही, म्हणून कूलरचं सांडणारं पाणी नळीनं त्यातच सोडलेलं असतं. जाऊन बघतो तर खड्डा ठणठणीत कोरडा, आणि नळी कढीपत्त्याच्या बुडाशी. कढीपत्ता कसा टवटवीत!

"दादा, नळी कुणी हलवली?" मी ओरडलो. त्यांना ऐकू यावं म्हणून, आणि थोडं रागानंही.

"मी. चांगलं पाणी खड्ड्यात चाललं व्हतं. लातूरचा माणूस हाय मी, बघवंना."

आता लातूरच्या माणसाला पाण्यावरून काय बोलणार? मला हसूच फुटलं. मूठभर मीठ टाकून बादलीनं पाणी ओतलं. माती घटाघटा प्याली. थोड्या वेळानं अर्थिंग धरलं आणि घुंऽऽ गेला.

दादांनी पुन्हा हेडफोन चढवला. चेहरा सैल झाला, बोटं मांडीवर चालायला लागली. मध्येच थांबली.

"तेवढंच परत लाव." लावलं. "हितं माझं बोट घसरलंय. धैवत पाहिजे, निषाद लागलाय. इतक्या वर्षांत कुणाला पत्ता न्हाई बघ!" आणि खो खो हसत सुटले.

"अन् म्हणे सूर कळत न्हाई," बायको म्हणाली. दादांची बोटं पुन्हा मांडीवर चालायला लागली. मला मात्र इतका आनंद झाला की चहा गार झाला तरी घ्यायचं भान नव्हतं.

रविवारी नायगावची मंडळी आली. चहापाणी झालं. मंडळी पेटी उचलायला वाकली तर दादा दारात उभे, पायात चप्पल, हातात पिशवी, आणि कानात चक्क ते मशीन.

"पेटी विहाराचीच," ते म्हणाले. "पण तुमच्यात वाजवतंय कोण?"

"अजून कुणी न्हाई," त्यांच्यातला एक जण म्हणाला.

"मग मी बी येतो संगं. शिकवल्याबिगर सोडत न्हाई."

गाडीत त्यांनी पेटी मांडीवर घेतली. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळायच्या आत ती वाजायला लागली. तीच ओळ होती, आणि या खेपेला बोट घसरलं नाही.