दुपारच्या मालिकेला लावलेला कौल

बाळांनो, दुपारी दोनच्या सुमाराला आजी फोन उचलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. का उचलत नाही, ते मी कधी सांगितलं नाही. ती माझ्या मालिकेची वेळ असते. इतकी वर्षं चाललेली ही मालिका येत्या शनिवारी संपतेय. संपली की मी ती विसरेन, आणि तिच्याबरोबर एक हकीकतही जाईल. म्हणून आजच लिहायला बसले.

मालिका हॉस्पिटलातली. नायिका हृदयाची डॉक्टर, नायक तिचाच पेशंट, आणि दोघांच्या मध्ये तिची होणारी सासू. मी इंग्रजी शाळेत शिकले, कादंबऱ्या वाचत मोठी झाले. असलं काही बघेन असं मला वाटलं नव्हतं. तुमचे आजोबा गेल्यावर मुळशीच्या या घरात दुपारी कुणाचा तरी आवाज असावा, म्हणून टीव्ही लावू लागले. त्या आवाजाने शेजारच्या वहिनी आल्या. आपलं घर उभं आहे ती जागा पूर्वी त्यांचंच भातखाचर होती. पहिल्या दिवशी त्या दारातूनच म्हणाल्या, "ही डाक्टरीन पेशंट तपासती कवा? सारकी रडतीच हाय की!" आणि आत येऊन बसल्या.

त्यांना बांध चढताना दम लागायचा, म्हणून सोबत त्यांचे यजमान येत. त्यांना मी भाऊ म्हणते. बायकांच्या मालिकेत पुरुषाने बसायचं नाही, असं त्यांचं मत. ते बाहेर पायरीवर, खिडकीकडे पाठ करून तंबाखू मळत बसत. मालिका संपली की वहिनींना घेऊन जात.

एका वर्षी वहिनींचा दम वाढला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब झाली आहे, बदलावी लागेल, आणि फार थांबता येणार नाही. वहिनींनी हॉस्पिटल आतून पाहिलेलं ते फक्त आमच्या मालिकेत. "लाल दिवा लागला की डाक्टर चष्मा काढीतच भायेर येतुया, पेशंट गेला म्हून सांगाया," त्या म्हणाल्या. "म्या न्हाई जायची."

भाऊंनी खूप विनवलं, तेव्हा वहिनींनी गावच्या देवीला कौल लावला. देवीच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवायची आणि मनात प्रश्न धरायचा. उजवीकडचं फूल आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. परतीच्या पावसाची ओलसर हवा. दोन्ही फुलं जागची हलली नाहीत.

"देवी काय बोलंना," वहिनी मला म्हणाल्या. "मंग ह्याच्यावर सोडलंय." आणि टीव्हीकडे बोट केलं. नायक तेव्हा बेशुद्ध होता, तोंडाला पट्ट्या गुंडाळलेल्या. लावणीच्या वेळी झोपलेला तो, भात कापणीला आला तरी उठला नव्हता. तो उठला तर ऑपरेशन, नाहीतर नाही. ही गोष्ट कुणीतरी बसून लिहितं, हे मी त्यांना समजावलं. "लिवू द्या की," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडनं लिवून घेनारी ती वर बसलीया."

शेवटी तो उठला. नायिकेने हळूहळू पट्ट्या सोडल्या, आणि आतून निघाला भलताच माणूस, आणि बोलूही लागला. जुन्या नटाने काम सोडलं असणार.

"ह्यो कोन?" वहिनी उठून उभ्या राहिल्या. "ह्यो त्यो न्हाईच!"

मी म्हटलं, "नट बदलला, वहिनी. गोष्टीत माणूस तोच."

"मंग कौल लागला का न्हाई?"

 वहिनींनी पदर खोचला आणि चप्पल शोधू लागल्या. तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला. "त्योच हाय."

"तुमाला काय ठावं? तुमी कवा बगितलाय त्याला?"

"बगितला न्हाई, ऐकलाय. गोळी लागली तवा तिला म्हनला व्हता, घाबरू नगंस. त्योच आवाज हाय ह्यो."

"अगं बाई! म्हंजी येवढी वर्सं तुमी ऐकत व्हता?"

"मंग काय कानात बोळं घालून बसू?"

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली. "बाप्या मानूस, आन् बायकांची मालिका ऐकतुया!"

"ऐकतुया. उद्या जायाचं का मंग पुन्याला?"

भाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. तळहातावरची तंबाखू कधीच मळून झाली होती, तरी अंगठा फिरतच होता. नव्या नटाचा आवाज जुन्यापेक्षा चांगलाच पातळ होता. मी टीव्ही बंद केला.

"जाऊ की," वहिनी म्हणाल्या. "त्यो उठलाय म्हनताय तर."

ऑपरेशनच्या दिवशी मीही पुण्याला गेले. लाल दिवा कुठेच नव्हता; एक साधा दरवाजा होता आणि समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. दरवाजा उघडून डॉक्टर बाहेर आले, तेव्हा भाऊंनी सगळ्यांत आधी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. काढायला चष्माच नव्हता. मग ते खुर्चीवर टेकले आणि डॉक्टर काय सांगतात ते मला ऐकायला सांगितलं. झडप नीट बसली होती.

पुढे मालिकेत लग्न झालं, सासू तुरुंगात गेली, सुटून आली, नायकाची स्मृती दोनदा गेली. ते सगळं शनिवारी मिटेल. काल वहिनींनी विचारलं, "आता दुसरी कंची लावायची?" मी अजून ठरवलेलं नाही.

वहिनी आता बांध न थांबता चढतात. भाऊ तरीही सोबत येतात आणि बाहेर पायरीवर बसतात.